काशिनाथच्या ताटात

उद्याचं जेवण आज रांधून ठेवायची सवय कलाबाईला माहेरानं किंवा सासरनं लावलेली नव्हती. ती लावली सुरतेनं. पारोळ्याकडच्या तिच्या गावात रात्रीचं उरलेलं सकाळी खायचे, पण दुपारच्या जेवणाची तयारी कोणी आदल्या रात्री करत नसे. सुरतेतल्या लिंबायतला आल्यावर तिला कळलं, की इथं नळाला पाणी पहाटे येतं, ते भरून होईतो उजाडतं आणि लूमच्या खात्यावरची, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातली, दिवसपाळी सातला सुरू होते. माणूस बारा तास मशीनपुढे उभा राहतो. दुपारी त्याला डबा उघडून पंधरा मिनिटांत जेवायचं असतं, आणि तो डबा सकाळी निघतानाच हातात मिळावा लागतो. मग भाजी निवडणार कधी, वाटण वाटणार कधी?

नवरा मगन खात्यावर कारीगर होता. त्याचा चुलतभाऊ काशिनाथ गावाहून आला तेव्हा तो यांच्याच खोलीत जेवू लागला. त्याच्या मागून आणखी दोघे आले, मग त्यांचे सोबती. बायकापोरं गावी ठेवून आलेली ही माणसं. दोन-तीन वर्षांत कलाबाईच्या त्या एका खोलीची खानावळ झाली. दहा-बारा जण दोन्ही वेळेला तिच्या हातचं जेवत. प्रत्येकानं आपलं स्टीलचं ताट आणलं होतं आणि बाजारातल्या माणसाकडून त्याच्या कडेवर नाव कोरून घेतलं होतं. कोणाचं ताट कोणाला जात नसे. काशिनाथच्या ताटावर नावाखाली गावाचंही नाव होतं.

रात्रीची जेवणं आटोपली, की कलाबाई पाट घेऊन बसायची. कांदे आणि सुकं खोबरं स्टोव्हवर काळपट भाजून वाटायचं, त्या वाटणाला वरून तेल घालून झाकून ठेवायचं. मटकी सकाळी मोडासह हवी म्हणून ती एक दिवस आधीच फडक्यात बांधलेली असायची. मेथी निवडून ओल्या कापडात गुंडाळायची, धुवायची मात्र सकाळी. भरताची वांगी रात्री भाजायची, सोलायची, पण त्यात मीठ घालायचं नाही, पाणी सुटतं. सगळ्यात तिच्या आवडीचं काम पातोड्यांचं. बेसन घट्ट शिजवून तेल लावलेल्या थाळीत थापायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. सकाळी सुरीनं वड्या पाडल्या की त्यांच्या कडा तुटत नाहीत. घाईनं सकाळी केलेल्या पातोड्या रश्श्यात विरघळतात, हे तिनं मालतीबाईला किती वेळा सांगितलं होतं. मालतीबाई शेजारच्या खोलीत राहायची. नवरा साडीच्या मार्केटात गठ्ठे बांधायचा. ती ऐकून घ्यायची आणि सकाळीच करायची.

कलाबाई फारशी बोलणारी नव्हती. जेवणाऱ्यांशी तिचं बोलणं म्हणजे रात्री एकाच प्रश्नाचं उत्तर. कोणीतरी विचारायचं, "वहिनी, सकाय काय शे?" आणि उद्या काय आहे ते ती सांगायची. तेवढ्यानं माणसं खूश होऊन झोपायला जात. तिलाही ते आवडायचं. बारा माणसांना उद्याचं काहीतरी ठाऊक आहे आणि ते तिच्यामुळे, असं काहीसं तिला वाटत असावं.

चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदात हे मोडलं.

तापीचा पूर ओसरून गेला होता, गणपती बुडवून झाले होते. नदीकडच्या भागात माणसं पटापट मरताहेत, असं पहिल्यांदा खात्यावरून ऐकू आलं. मग एकेक दुकान बंद व्हायला लागलं. कोणी म्हणे पाण्यात विष कालवलंय, कोणी म्हणे प्लेग. दुसऱ्या दिवशी प्लेगच नक्की झाला. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही, असं सांगत माणसं परत येत होती.

त्याच दिवशी दुपारी कलाबाईच्या गायत्रीला ताप भरला. गायत्री नऊ वर्षांची, एकुलती एक. थंडी वाजून ताप आला, गोधडीखाली ती थरथरत होती. कलाबाईनं तिला कोपऱ्यात निजवलं, मध्ये लुगड्याचा आडोसा बांधला आणि संध्याकाळचा स्वयंपाक केला.

जेवायला सगळे आले. रोजच्यासारखी थट्टा नव्हती, पण त्या दिवशी थट्टा कुठेच नव्हती, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. आडोशामागे पोरगी खोकली तेव्हा जेवणाऱ्यांचे हात थांबले. काशिनाथनं विचारलं, "पोरले कसं वाटस आते?"

"हिवताप शे," कलाबाई म्हणाली. "दरसाल येस तिले."

एकानं भाकरी अर्धीच टाकून हात धुतला. जाता जाता काशिनाथ दारात थांबला आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "वहिनी, सकाय काय शे?"

"पातोड्यासना रस्सा."

"बरं शे," काशिनाथ म्हणाला आणि गेला.

हा प्रश्न त्यानं का विचारला, ते कलाबाईला पुढे कधीच कळलं नाही. ती तो मनात पुष्कळदा फिरवून बघायची. सवयीनं विचारला असेल. किंवा तिला संशय येऊ नये म्हणून.

थोड्या वेळानं मगन उठला, शर्ट घातला. "काशिनाथकडे जाई येस," म्हणाला. तिनं मान हलवली. बेसन शिजत होतं, हात थांबवता येत नव्हता. तिनं थाळ्यांना तेल लावलं, पातोड्या थापल्या, वाटण झाकलं, गवार मोडून ठेवली. मग पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत तिच्या शेजारी आडवी झाली आणि दिवसभराच्या श्रमानं तिला झोप लागली.

सकाळी ती उठली तेव्हा मगनची जागा रिकामी होती. पाणी भरायला गेला असेल, रांग मोठी असेल, असं तिला वाटलं, पण नळावर दोनच बायका होत्या. तिनं पाणी भरलं, वड्या पाडल्या, रस्सा टाकला, भाकरी थापल्या. डबे भरून ओळीनं लावले. सहा वाजून गेले, साडेसहा वाजले. डबा न्यायला कोणी आलं नाही.

ती दारात आली. समोरच्या तिन्ही खोल्यांना कुलपं होती. मालतीबाई आपल्या दाराला कुलूप घालत होती, पायाशी बोचकं होतं. कलाबाईला बघून ती दचकली.

"तू आठेच शे?" ती म्हणाली. "माले वाटनं, मांगून तू पन निंघी गयी."

"कोठे?"

मालतीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. तिचा नवरा पुढे चालू लागला होता. "रात्री ट्रक गया ना, धुळ्याकडे. काशिनाथनी ठरावला व्हता. तुना जेवणारा समदा गयात."

"आन् हाई?" कलाबाईनं विचारलं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"ते पन व्हतात ट्रकमा," मालतीबाई म्हणाली. "मी काशिनाथले विचारं, कलाबाई कोठे शे? तो म्हणे, पोरले ताप शे, ट्रकवाला लेवाव नही." मग बोचकं उचलून ती म्हणाली, "मी जास बाई. तू तोंडले काही बांध." आणि ती गेली.

कलाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिला फक्त एवढं सुचलं, की काल संध्याकाळी सगळे मांडीला मांडी लावून जेवत होते तेव्हा त्या सगळ्यांना ठाऊक होतं. वाढणारी एकटी सोडून सगळ्यांना.

आतून गायत्रीनं हाक मारली, "पप्पा कुठंय?"

"गावले गया. आजीले बघाले," कलाबाई म्हणाली आणि उठली.

पोरीचा ताप चढला होता. गल्लीच्या टोकाला डॉक्टरच्या दवाखान्याला कुलूप. पोरीला खांद्यावर टाकून ती मोठ्या रस्त्यावर आली. एक रिक्षा आली, रिक्षावाल्यानं पोरीकडे पाहिलं आणि वेग वाढवला. दुसऱ्यानं लांबूनच हात हलवला. ती उन्हात उभी असतानाच रस्त्याच्या पलीकडून महापालिकेची झाडूवाली माणसं आली. तोंडाला फडकी बांधलेली, अंगावर पांढरी पावडर. ती एक हातगाडी ओढत होती, गाडीत पावडरीची पोती होती. त्यांच्यातली एक पन्नाशीची बाई पुढे आली.

"काय झालं लेकराला?"

"ताप आहे." कलाबाईनं मागे सरून सांगितलं. बाई परक्या मुलखाची वाटली, म्हणून तिच्याशी ती शाळेतल्यासारखं मराठी बोलली.

त्या बाईनं पुढे होऊन पोरीच्या मानेखाली हात घातला, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. "हिवताप दिसतोय. माझ्या पोराला आसाच येतो. पर दाखवून घ्या." तिनं मागे वळून सांगितलं, "सखाराम, पोती उतीर."

सखाराम नावाच्या माणसानं पोती रस्त्याकडेला उतरवली. गाडीत एक रिकामं पोतं अंथरलं, त्यावर गायत्रीला निजवलं. त्या बाईनं आणि सखारामनं गाडी ओढली. कलाबाई बाजूनं पोरीवर पदराची सावली धरून चालत होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिवतापच निघाला. गोळ्या दिल्या. डॉक्टर खूप थकलेला होता, तो एवढंच म्हणाला, "घेऊन जा हिला इथून, गर्दीत ठेवू नका."

त्याच गाडीतून ते परत आले. दुपार झाली होती. त्या बाईचं नाव शोभाबाई, परभणीकडची. नवरा बांधकामावर पडून मेल्यावर ती या कामाला लागली होती. गल्लीत पावडर मारून झाल्यावर तिची माणसं भिंतीच्या सावलीला बसली. सगळी हॉटेलं बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. सकाळपासून पोटात काही नाही, असं सखाराम कोणाला तरी सांगत होता.

कलाबाईनं ते आतून ऐकलं. समोर डबे ओळीनं भरून ठेवलेले होते. पातेल्यात रस्सा होता, दुरडीत भाकऱ्या होत्या. ती बाहेर आली आणि म्हणाली, "जेवायला या."

ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. शोभाबाई उठून दारापर्यंत आली. भिंतीला टेकून उभी केलेली ताटं तिला दिसली.

"कागदावर वाढा बाई आमास्नी," ती म्हणाली. "बाहेर बसतो आमी."

"आत बसा. ऊन आहे."

"ही ताटं कुणाची हायती?"

"जे जेवायचे त्यांची."

"मग नगं. मागून तुमालाच तरास हुईल."

"ते पळाले," कलाबाई म्हणाली. "ताटं इथंच आहेत."

आणि तिनं ताटं मांडली. शोभाबाईच्या पुढ्यात काशिनाथचं ताट आलं, ते मुद्दाम की सहज, हे कलाबाईनं कोणाला सांगितलं नाही. शोभाबाईला वाचता येत नव्हतं. कडेवरच्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं आणि जेवायला लागली. भुकेली माणसं न बोलता जेवली. पातोड्यांच्या कडा कुठेही तुटलेल्या नव्हत्या.

पुढचे कितीतरी दिवस असंच चाललं. शहर रिकामं होतं आणि ही माणसं पहाटेपासून ते झाडत होती. कोणीतरी मुकादमानं पीठ, डाळ, रॉकेल आणून दिलं. जेवणाऱ्यांचं धान्य डब्यांत होतंच, तेही कलाबाईनं वापरलं. संध्याकाळी ती मटकी बांधायची, वाटण करायची, दुपारी ती माणसं येऊन जेवायची. गायत्री बरी होऊन उठली आणि पाणी वाढू लागली.

नवरात्र संपत आलं तेव्हा मगन परत आला. हातात शेंगांची पिशवी होती. दारात थोडा वेळ उभा राहिला. गायत्री धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली, "पप्पा, आजी बरी आहे ना?" असं विचारू लागली. मगननं कलाबाईकडे पाहिलं. कलाबाईनं मान खाली घातली. मगन म्हणाला, "हां, बरी शे."

गायत्री शेंगा घेऊन बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "ट्रकमा एकच जागा व्हती."

"मंग तठे तुम्ही बसनात."

"पोरले ताप व्हता. ट्रकवालानी लिधी नसती. मी राहीसन काय करतू?"

"काही नही," कलाबाई म्हणाली. "माले सांगाले काय व्हयनं व्हतं?"

तो हातपाय धुवून बसला. तिनं त्याला वाढलं. तिच्या मनात होतं, की त्यानं एकदा तरी म्हणावं, चुकलं. किंवा म्हणावं, भीती वाटली. भीती वाटली असं म्हणाला असता तर तिनं ते समजून घेतलं असतं, भीती तिलाही वाटली होती. तो रस्सा भुरकत जेवला आणि गावात ज्वारी कशी आली आहे ते सांगत राहिला.

दिवाळीच्या आधी खाती सुरू झाली, जेवणारे एकेक करून आले. मालतीबाईही आली होती, आणि गल्लीतल्या मागे राहिलेल्या एका म्हातारीकडून तिला सगळं कळलं होतं. तिच्याकडून सगळ्यांना कळलं. काशिनाथ संध्याकाळी आला तो दाराबाहेरच उभा राहिला. कलाबाई मेथी निवडत होती.

"वहिनी, पोर बरी शे ना?"

"बरी शे."

"वहिनी, तुमना हातले चव शे, त्याबद्दल काही म्हणणं नही. पन त्या ताटंसमा आते आमले जेवणं नही."

"काबर?"

"तुमले माहीत शे."

"रोगनी भीती वाटस का?" कलाबाईनं विचारलं. "रोग गया. ताटं मी उकळता पाणीमा धोई लिधी."

"रोगनं नही, वहिनी." तो खाली बघत होता. "झाडूवाला जेवनात त्यासमा. गावले कळनं तर आमले पंगतमा कोणी बसू देवाव नही. आमले पोरी शेत."

कलाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "मनी बी पोर शे," ती म्हणाली. "तिले गाडीवर टाकीसन दवाखानामा कोणी लयी गयं, इचारं का कोणले?"

काशिनाथ म्हणाला, "नवी ताटं ली या, घर धोई टाका, एखादी पूजा करा. मंग आम्हीन येतस."

"ताटं नवी येवाव नही," कलाबाई म्हणाली.

ते सगळे मंगलाबाईकडे गेले. मंगलाबाईची खानावळ पुढच्याच गल्लीत होती, तिच्या भाज्यांत तेल तरंगायचं आणि मीठ कधी जास्त कधी कमी. तरी गेले. काशिनाथचं ताट कलाबाईकडेच राहिलं. कोणीच आपलं ताट मागायला आलं नाही.

घरात मगन रोज तेच म्हणायचा. ताटं मोडीत घाल, विषय संपव. तू त्यांना कागदावर वाढलं असतंस तर काय बिघडलं असतं, त्यांनी स्वतःच मागितलं होतं ना. कलाबाई ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी पाट घेऊन बसायची. मग एक दिवस मगनही घरी जेवेना. तोही मंगलाबाईकडे जाऊ लागला. बायको घरात रांधत होती आणि नवरा पुढच्या गल्लीत जेवत होता, हे लिंबायतमध्ये फार दिवस हसण्याचं कारण झालं. नळावर बायका तिची कळशी बाजूला सारायच्या. हळदीकुंकवाला कोणी बोलावेना. गायत्रीला शाळेत पोरी नाक धरून दाखवत. ती घरी येऊन रडायची, आणि रडून झालं की दुपारी शोभाबाईला पाणी वाढायची.

कारण शोभाबाईची माणसं आता रोज येत होती. त्या वर्षी शहराची साफसफाई जोरात सुरू झाली, आणि त्यांचं काम वाढलं. त्यांना पहाटे कामावर जायचं असे, दुपारी लवकर जेवण लागे, म्हणून कलाबाईचं रात्रीचं काम तसंच चालू राहिलं. पण हा सुखाचा संसार होता असं नाही. कलाबाईनं एकदा शोभाबाईला म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून माझी चूल चालली."

शोभाबाई भाकरी मोडत होती. "तुमच्याकडं दुसरं कुणी येत न्हाई म्हून आमाला वाढता बाई," ती म्हणाली. "उद्या ती माणसं आली तर कसं करताल, ते तवा दिसंल."

कलाबाईला ते लागलं. ती दोन दिवस शोभाबाईशी नीट बोलली नाही. मग पुन्हा बोलू लागली.

चार वर्षं अशी गेली. अठ्ठ्याण्णवात साफसफाईचा ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं जुनी माणसं उचलून दुसऱ्या भागात, कतारगामकडे लावली. लिंबायतला जेवायला येणं त्यांना जमेना. शेवटच्या दिवशी शोभाबाईनं गायत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कलाबाईच्या खोलीत दोघींपुरतं जेवण होतं.

ती साड्यांना लेस लावायला जाऊ लागली. तिथं बायकांना तिची गोष्ट ठाऊक होतीच. त्यातच मगनचा हात लूमच्या पट्ट्यात सापडला, दोन बोटं गेली, आणि मालकानं त्याला घरी बसवलं. आता तो घरीच जेवायचा, त्याच ताटांत, काही न बोलता. गायत्री नववीत होती. गावाकडून सासू निरोप पाठवायची, की पोरीचं बघायला हवं, पण तुमच्या घरचं ऐकून कोणी पाऊल पुढे टाकत नाही.

मंगलाबाईचा नवरा वारला आणि ती खानावळ बंद करून गावी गेली. आठवडाभरात काशिनाथ आला. केस पांढरे झाले होते. या वेळी तो आत येऊन बसला. मगनशी बोलला, गायत्रीला शाळेचं विचारलं. मग कलाबाईकडे वळला.

"वहिनी, जुनं जाऊ द्या. पोरं हॉटेलनं खाईसन आजारी पडी राहिनात. पंधरा जण शेत. तुम्ही सुरू करा."

कलाबाई पिठाचा डबा झाकू लागली.

"नवी ताटं मी लई येस," काशिनाथ म्हणाला. "तुमले काही करानं नही."

तो गेल्यावर मगन म्हणाला, "पोरनं लगीन कराले पाहिजे का नको?" तो ओरडला असता, भांडला असता, तर कलाबाई कदाचित हट्टाला पेटली असती. पण तो आपला दोन बोटं नसलेला हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. तिला त्याच्या खरेपणाचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटं मोडवाल्याला दिली. गायत्री शाळेत गेली होती तेव्हा दिली. मोडवाला नावं वाचू लागला तसं ती म्हणाली, "वाचू नको, तोलून ने." संध्याकाळी काशिनाथ नवी ताटं घेऊन आला. त्यांवर नावं कोरलेली नव्हती. एका भटजीनं खोलीत पाणी शिंपडलं. कलाबाईनं मटकी भिजत घातली.

जेवणारे आले, जेवले, वाहवा केली. चव तीच आहे म्हणाले. नळावर कळशी कोणी सरकवेना. मालतीबाई पातोड्या कशा थापतेस ते पुन्हा विचारायला आली. सासूचा निरोप आला, की अमळनेरचं एक स्थळ विचारत आहे.

पावसाळा संपता संपता एका रविवारी दुपारी शोभाबाई आली. त्या दिवशी खात्यांना सुट्टी असल्यानं सगळे जण खोलीत पंगत करून बसले होते. कलाबाई वाढत होती. शोभाबाई दारात उभी राहिली, नवं लुगडं नेसली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता. पंगतीतली माणसं जेवता जेवता थांबली.

कलाबाई हातातलं पातेलं खाली ठेवून लगबगीनं बाहेर गेली. ती उंबऱ्याच्या बाहेर गेली आणि तिनं दार मागे ओढून घेतलं.

"पोरगं कायम झालं कामावर," शोभाबाई हसत म्हणाली. "म्हनलं पयल्यांदा तुमालाच द्यावा पेढा." तिनं दाराकडे पाहिलं. "माणसं बसल्यात जणू जेवायला."

"हो," कलाबाई म्हणाली. "थांबा, तुम्हाला डबा बांधून देते. घरी जाऊन जेवा."

शोभाबाईचं हसू लगेच गेलं नाही, ते हळूहळू गेलं. "नगं बाई," ती म्हणाली. "जेवूनच आले मी."

कतारगामहून दोन रिक्षा बदलून भर दुपारी आलेली बाई जेवून आलेली नसते, हे कलाबाईला कळत होतं. तिनं पुडा घेतला. "या कधी तरी," म्हणाली. शोभाबाईनं मान हलवली आणि गल्लीतून चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि कलाबाईनं हाक मारली नाही.

आत आल्यावर काशिनाथनं विचारलं, "कोण व्हतं?"

"कोणी नही," कलाबाई म्हणाली आणि पातेलं उचललं.

स्टोव्हपाशी बसलेली गायत्री भाकरी तव्यावर टाकून उठली. तिनं आईच्या हातातून पुडा घेतला, सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि पुडा पंगतीच्या मधोमध ठेवला. "शोभामावशीनं आणलेत," ती म्हणाली. "तिचा मुलगा नोकरीत कायम झाला. घ्या."

कोणी हात पुढे केला नाही. काशिनाथ म्हणाला, "माले गोड चालत नही." मगन ताटात बघत राहिला. कलाबाईनं वाकून पुडा उचलला आणि फळीवर ठेवला. स्टोव्हवर भाकरी करपल्याचा वास येत होता.

त्यानंतर शोभाबाई आली नाही. कतारगामला ती कुठे राहते हे कलाबाईला ठाऊक होतं, रिक्षा तिकडे जातात हेही ठाऊक होतं. गायत्रीनं त्या दिवसापासून संध्याकाळी आईजवळ कांदे चिरायला बसणं सोडलं. ती अभ्यास करते, किंवा ओट्यावर मैत्रिणींशी गुजरातीत बोलत बसते. कलाबाईनं तिला बोलावलं नाही. एकटीला पंधरा माणसांच्या तयारीला वेळ लागतो, म्हणून हल्ली ती दिवस मावळायच्या आतच पाट घेऊन बसते.